सीबीनॅट ‘रेझिस्टंट’ म्हणते, कल्चर ‘सेन्सिटिव्ह’ म्हणते: टीबीचा कोणता रिपोर्ट धरायचा?

तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडते. मामा ४६ वर्षांचे, इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतात. चार वर्षांपूर्वी टीबी झाला होता, बरं वाटलं तशा गोळ्या मध्येच सोडल्या. आता पुन्हा खोकला, ताप, वजन उतरलेलं. सरकारी दवाखान्यात सीबीनॅट ही झटपट जनुक-तपासणी केली, तीत ‘एमटीबी डिटेक्टेड, मीडियम, रिफ रेझिस्टन्स डिटेक्टेड’ असं आलं, म्हणजे टीबीचे जंतू आहेत, प्रमाण मध्यम, आणि रिफाम्पिसिन या औषधाला ते दाद देत नाहीत. दुसरा नमुना एलपीए या पट्टीवरच्या जनुक-तपासणीला गेला, त्यात रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड दोन्हींना रेझिस्टन्स आला आणि एमडीआरची, म्हणजे या दोन्ही औषधांना न जुमानणाऱ्या टीबीची, औषधं सुरू झाली. मधल्या काळात घरच्यांनी एका खासगी लॅबमध्येही बेडका दिला होता. तिथला लिक्विड कल्चरचा (द्रव माध्यमात जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट पाच आठवड्यांनी हातात पडला: आयसोनियाझिडला रेझिस्टंट, पण रिफाम्पिसिनला सेन्सिटिव्ह, म्हणजे ते औषध लागू पडतं. ओळखीचे एक डॉक्टर म्हणाले, ‘कल्चर म्हणजे गोल्ड स्टँडर्ड. मशीन चुकलं. ही जड औषधं बंद करा आणि साधा सहा महिन्यांचा कोर्स घ्या.’ तुम्ही विचारलंय, खरं कोणाचं? आणि एकाच माणसाच्या इतक्या तपासण्या का?

उत्तर आधी देते, कारणं मग. कल्चरच्या त्या एका ओळीवरून मामांची औषधं बंद करू नका. तुम्ही पाठवलेले तीनही रिपोर्ट मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. मला त्यांत कोणाची चूक दिसत नाही. तिघांनी तीन वेगळे प्रश्न विचारले आणि तिघांना आपापलं उत्तर मिळालं. त्यांतला उपचारासाठी कामाचा प्रश्न कोणता, एवढंच ठरवायचं आहे.

रेझिस्टन्स मुळात येतो कुठून, हे दोन वाक्यांत. टीबीचे जंतू वाढताना त्यांच्या जनुकांत आपोआप चुका होतात, आणि एखादी चूक नेमकी औषधाचा परिणाम घालवणारी निघते. रिफाम्पिसिनच्या बाबतीत असा जंतू साधारण दहा कोटींत एक, आयसोनियाझिडच्या बाबतीत दहा लाखांत एक. फुफ्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी ते शंभर कोटी जंतू सहज असतात, म्हणजे असे थोडे जंतू औषध सुरू होण्याआधीच तिथे बसलेले असतात. चार औषधं एकदम देतात ती याचसाठी. मध्येच सोडली, किंवा एकच औषध लागू पडत राहिलं, की बाकीचे मरतात आणि हेच उरतात, वाढतात. स्ट्रेप्टोमायसिन एकटं देऊन पाहिलं तेव्हा, म्हणजे १९४८ सालीच, हे दिसलं होतं.

आता लॅबमध्ये रेझिस्टन्स ओळखायचे दोन रस्ते आहेत. एक, जंतू वाढवायचा, औषधात टाकायचा आणि वाढतो का ते पाहायचं. हे कल्चर-सेन्सिटिव्हिटी. दुसरा, जंतूचं जनुक तपासायचं आणि रेझिस्टन्स देणारी चूक तिथे आहे का ते पाहायचं. सीबीनॅट, ट्रूनॅट, एलपीए आणि सिक्वेन्सिंग (जनुकाचं एकेक अक्षर वाचणं) हे सगळे या दुसऱ्या रस्त्यावरचे.

सीबीनॅट रिफाम्पिसिनसाठी आरपीओबी नावाच्या जनुकाचा एक छोटासा तुकडा पाहते. तुकडा फक्त ८१ अक्षरांचा, म्हणजे २७ कोडॉनचा (तीन अक्षरांचा एक कोडॉन). रिफाम्पिसिनला न जुमानणाऱ्या टीबीपैकी सुमारे ९५ टक्के प्रकरणांत चूक याच तुकड्यात सापडते, म्हणून दोन तासांच्या आत उत्तर देता येतं. मशीनच्या काडतुसात (नमुना घालायच्या डबीत) पाच प्रोब, म्हणजे क्रम ओळखणारे छोटे तुकडे, असतात आणि प्रत्येक प्रोब मूळच्या, न बदललेल्या क्रमाच्या एकेका भागाला चिकटतो. एखादा प्रोब चिकटला नाही किंवा फार उशिरा चिकटला, तर मशीन लिहितं ‘रेझिस्टन्स डिटेक्टेड’. काय बदललं हे ते सांगत नाही, इथे काहीतरी मूळसारखं नाही इतकंच सांगतं. अल्ट्रा हे नवं काडतूस प्रोब कोणत्या तापमानाला सुटतो तेही पाहतं, त्यामुळे ते जरा जास्त बारकाईने बोलतं.

ट्रूनॅटही याच जातीचं. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं मशीन, बॅटरीवर चालतं, म्हणून वीज येते-जाते अशा प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येतं. त्यात आधी टीबी आहे का ते पाहतात, आणि असला तर त्याच काढलेल्या डीएनएवर रिफाम्पिसिनची वेगळी चिप चालवतात. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला २०२० साली मान्यता दिली, सीबीनॅटला २०१० च्या डिसेंबरात.

तुमच्या डॉक्टरांच्या शंकेत तथ्य अजिबात नाही असं नाही. रिफ रेझिस्टन्स खोटा येऊ शकतो. साधा हिशेब करू. भारतात २०१४–१६ मध्ये राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. त्यात पहिल्यांदाच टीबी झालेल्यांत एमडीआर २.८४ टक्के आढळला, आणि आधी उपचार घेतलेल्यांत ११.६० टक्के. समजा चाचणी शंभर सेन्सिटिव्ह रुग्णांमागे दोघांना चुकून रेझिस्टंट म्हणते. हजार नव्या रुग्णांत खरे रेझिस्टंट सुमारे २८, आणि चुकून आलेले सुमारे १९. म्हणजे दर पाच ‘रेझिस्टंट’ रिपोर्टांत दोन खोटे. हाच हिशेब आधी औषधं घेतलेल्या हजार जणांवर करा: खरे ११६, खोटे सुमारे १८. चाचणी तीच, पण रुग्ण कोण आहे त्यावर रिपोर्टचं वजन बदलतं. म्हणूनच पहिल्यांदा टीबी झालेल्या, घरात-शेजारी एमडीआर नसलेल्या माणसाचा रिपोर्ट अनपेक्षितपणे रेझिस्टंट आला तर ताज्या बेडक्यावर चाचणी पुन्हा करून घ्यावी. जंतूंचं प्रमाण ‘व्हेरी लो’ असेल तर नक्कीच, कारण इतक्या कमी डीएनएवर प्रोब उशिरा चिकटतो आणि जुनं काडतूस त्यालाच रेझिस्टन्स समजू शकतं.

मामांच्या बाबतीत ही दोन्ही कारणं लागू नाहीत. आधीचा अर्धवट उपचार आहे, आणि प्रमाण ‘मीडियम’ आहे. शिवाय एलपीए वेगळ्या नमुन्यावर, वेगळ्या इमारतीत, वेगळ्या पद्धतीने झाली आणि तिनेही तेच सांगितलं. नावांची अदलाबदल झाली असेल ही शंकाही त्यामुळे जवळजवळ संपते.

आता त्या एलपीएच्या रिपोर्टकडे नीट पाहू, कारण सगळा उलगडा तिथेच आहे. लोक शेवटची ओळ वाचतात आणि वरचा तक्ता सोडून देतात. डॉक्टरही सोडतात, हे लॅबमधलं माझं रोजचं दुखणं आहे.

एलपीए म्हणजे कागदासारखी एक पांढरी पट्टी, बोटाहून अरुंद. तिच्यावर आडव्या रेषांच्या जागा ठरलेल्या असतात. बेडक्यातल्या जंतूचा डीएनए काढून, वाढवून तिच्यावर सोडला की जिथे जुळतं तिथे जांभळट रेघ उमटते. पट्ट्या वाळल्या की कागदावर चिकटवतात आणि आम्ही साच्याशी ताडून एकेक रेघ वाचतो. वरच्या दोन रेघा तपासणी नीट झाल्याच्या खुणा, मग टीबीची रेघ. खाली आरपीओबीच्या आठ ‘वाइल्ड टाइप’ रेघा, म्हणजे मूळ क्रम शाबूत असल्याच्या. त्यांच्याखाली चार ‘म्युटेशन’ रेघा, नेहमी आढळणाऱ्या चार चुकांच्या. पुढे आयसोनियाझिडसाठी कॅट-जी आणि इन्ह-ए या जनुकांच्या रेघा.

मामांच्या तक्त्यात लिहिलंय: आरपीओबी वाइल्ड टाइप १ ते ७ आहेत, ८ नाही. म्युटेशनच्या चारपैकी एकही नाही. कॅट-जी वाइल्ड टाइप नाही, म्युटेशन १ आहे.

आयसोनियाझिडचं सरळ आहे. कॅट-जीच्या ३१५ व्या कोडॉनमधली ही नेहमीची चूक, तिने वरच्या पातळीचा रेझिस्टन्स येतो. इन्ह-एमधली चूक असती तर रेझिस्टन्स खालच्या पातळीचा असता, वाढीव डोसने आयसोनियाझिडचा काही उपयोग करून घेता आला असता, पण इथिओनामाइड हे दुसरं औषध हातचं गेलं असतं. कल्चरनेही आयसोनियाझिड रेझिस्टंट म्हटलं आहे, तेव्हा तिथे वाद नाही.

रिफाम्पिसिनचं मात्र विशेष आहे. आठवी वाइल्ड टाइप रेघ म्हणजे तुकड्याचं शेवटचं टोक. तिथली सर्वांत नेहमीची चूक ४५० व्या कोडॉनची. ती असती तर ‘म्युटेशन ३’ ही रेघ ठसठशीत उमटली असती, कल्चरनेही निःसंशय रेझिस्टंट म्हटलं असतं आणि तुम्ही मला प्रश्नच विचारला नसता. इथे मूळ क्रम बिघडलेला आहे, पण नेहमीची चूक नाही. अशा वेळी माझ्या मनात पहिलं नाव येतं ४५२ व्या कोडॉनचं, म्हणजे प्रथिनात ल्युसिन या घटकाच्या जागी प्रोलिन. (जुन्या रिपोर्टांत हाच ५३३ असतो, कारण क्रमांक ई. कोलाय या जंतूवरून दिले जात. जुन्यातून ८१ वजा केले की नवा मिळतो. तुकडाही ८१ अक्षरांचाच, हा निव्वळ योगायोग.) ४३० व्या कोडॉनचा एक बदल, ४३५ चा एक, ४४५ चे काही आणि हा ४५२ चा, हे सगळे ‘बॉर्डरलाइन’ म्युटेशन म्हणून लॅबवाल्यांना पाठ असतात. ते रिफाम्पिसिनचा परिणाम कमी करतात, पण पूर्ण घालवत नाहीत. आणि एमजीआयटी या यंत्रातलं लिक्विड कल्चर नेमके यांनाच सोडून देतं.

का, ते समजायला मशीनच्या आत काय चालतं ते पाहावं लागेल. वाढलेला जंतू दोन नळ्यांत टाकतात. औषधाच्या नळीत तो जसाच्या तसा, बिनऔषधाच्या कंट्रोल नळीत मात्र शंभरपट पातळ करून. यामागचं गणित असं, की शंभरात एक जंतू जरी औषधाला दाद देत नसला तरी औषधाच्या नळीने कंट्रोलला गाठलं पाहिजे. एक टक्क्याचा हा निकष १९६३ पासून चालत आला आहे. मशीन दर तासाला नळीच्या तळाची चमक मोजतं. कंट्रोल ४०० एककांना पोचली की शिट्टी वाजली, शर्यत संपली. त्या क्षणी औषधाची नळी १०० च्या खाली असेल तर सेन्सिटिव्ह, १०० किंवा वर असेल तर रेझिस्टंट. हे सगळं ४ ते १३ दिवसांत घडायला हवं.

बॉर्डरलाइन म्युटेशनवाला जंतू रिफाम्पिसिनमध्ये वाढतो, पण रेंगाळत. कंट्रोल ४०० ला पोचते तेव्हा तो अजून शंभराच्या आतच असतो. मशीन ‘एस’, म्हणजे सेन्सिटिव्ह, छापतं आणि नळी काढून टाकली जाते. तीच नळी आणखी काही दिवस ठेवली असती तर वाढ दिसली असती. जुन्या घट्ट माध्यमावर, एलजेवर, जिथे आठवडे वाट पाहतात, तिथे हे जंतू जास्त वेळा पकडले जातात.

लॅबला सापडत नाही म्हणून शरीरात त्रास देत नाही, असं मात्र नाही. बांगलादेश आणि किन्शासा इथल्या रुग्णांच्या अभ्यासात असे जंतू उपचार फसलेल्या आणि टीबी उलटलेल्या रुग्णांत मोठ्या संख्येने सापडले. नेहमीच्या रिफाम्पिसिनवर त्यांची गत स्पष्ट रेझिस्टंट रुग्णांसारखीच झाली. त्यानंतर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन गोष्टी केल्या. एमजीआयटीमधल्या रिफाम्पिसिनची मर्यादा मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमवरून ०.५ वर आणली. आणि त्या ८१ अक्षरांच्या तुकड्यात प्रथिन बदलणारी कोणतीही चूक असली तर ती रेझिस्टन्सच मानायची, कल्चर काहीही म्हणो, असा नियम घातला. मर्यादा निम्मी करूनही काही जंतू निसटतातच. खासगी लॅबच्या रिपोर्टवर तळाशी औषधाचं प्रमाण छापलेलं असतं, ते तेवढं बघून ठेवा. १.० दिसलं तर त्या ‘एस’चं वजन आणखी कमी.

गोल्ड स्टँडर्ड हा शब्द रिफाम्पिसिनच्या बाबतीत आता वापरू नये असं माझं मत आहे. रिफाम्पिसिनसाठी जनुक आधी, कल्चर नंतर. बेडाक्विलिन या एमडीआरवरच्या औषधासाठी याच्या बरोबर उलट, ते पुढे सांगते.

तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मानला तर मामांच्या हातात काय उरतं तेही मोजून पाहा. साध्या कोर्समध्ये चार औषधं. आयसोनियाझिड गेलेलं, यावर एलपीए आणि कल्चर दोन्हींचं एकमत. रिफाम्पिसिन अर्धंमुर्धं. उरली पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल, आणि पुढच्या चार महिन्यांत तर पायराझिनामाइडही नसतं. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर आधी एकदा उलटलेला टीबी बरा होणं कठीण. उलट त्या दोन औषधांनाही रेझिस्टन्स यायची सोय होईल.

एक शक्यता खुली ठेवते, कारण ती ठेवलीच पाहिजे. कधीकधी आठवी रेघ अशा बदलामुळे जाते की अक्षर बदललं पण प्रथिन तेच राहिलं. अशा मूक बदलाने रेझिस्टन्स येत नाही. पट्टीला हा फरक कळत नाही, सिक्वेन्सिंगला कळतो. म्हणून डीआर-टीबी (औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या) केंद्रातल्या डॉक्टरांना हे तीनही रिपोर्ट एकत्र दाखवा आणि सरळ विचारा: ‘आठवी रेघ गेली आहे पण म्युटेशन रेघ नाही, आरपीओबीचं सिक्वेन्सिंग करता येईल का?’ हा प्रश्न वावगा नाही, कोणीही चांगला डॉक्टर तो ऐकून घेईल. सिक्वेन्सिंगचं उत्तर येईपर्यंत चालू औषधं चालू.

उलट बाजूचं उदाहरणही सांगून टाकते, म्हणजे मशीनवर आंधळा विश्वास बसायला नको. आफ्रिकेतल्या एस्वातिनीमध्ये, जुन्या स्वाझीलँडमध्ये, २००९ च्या सर्वेक्षणात एमडीआरच्या सुमारे ३० टक्के जंतूंत चूक ४९१ व्या कोडॉनमध्ये निघाली. तो कोडॉन ८१ अक्षरांच्या तुकड्याच्या बाहेर. सीबीनॅट तिथे बघतच नाही, त्यामुळे ती सेन्सिटिव्ह म्हणते. हा बदल एमजीआयटीलाही बहुतेक वेळा सापडत नाही. म्हणजे दोन्ही चाचण्या ‘ठीक’ म्हणतात आणि रुग्ण मात्र खालावत जातो. आपल्याकडे हा बदल नेहमीचा नाही. पण सगळे रिपोर्ट सेन्सिटिव्ह, गोळ्या नियमित, तरी बेडक्यात जंतू हटत नाहीत असा रुग्ण दिसला तर पूर्ण जनुक वाचून घ्यावं ते याचसाठी.

आता ‘इतक्या तपासण्या का’ याकडे. सीबीनॅटने फक्त पहिला दरवाजा उघडला. एमडीआर म्हटल्यावर पुढचा प्रश्न असतो फ्लोरोक्विनोलोनचा, म्हणजे लिव्होफ्लोक्सासिन आणि मॉक्सिफ्लोक्सासिन. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात एमडीआर रुग्णांपैकी सुमारे २२ टक्क्यांत या गटालाही रेझिस्टन्स होता. आपल्याकडे ताप, जुलाब, लघवीची जळजळ, सगळ्याला ही औषधं सर्रास दिली जातात, त्याचं आश्चर्य कसलं. यासाठी सेकंड लाइन एलपीए करतात किंवा सीबीनॅटच्या यंत्रातलंच एक्सडीआर काडतूस वापरतात. मामांच्या रिपोर्टांत मला हे पान दिसलं नाही. बहुधा झालं असेल आणि निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर चढलं असेल. निक्षय आयडी देऊन मागून घ्या.

ते पान मिळालं की जायर-ए या जनुकाच्या ओळी बघा. म्युटेशन १ असेल, म्हणजे ९० व्या कोडॉनचा बदल, तर रेझिस्टन्स बहुधा खालच्या पातळीचा. म्युटेशन ३ सी असेल, म्हणजे ९४ व्याचा विशिष्ट बदल, तर वरच्या पातळीचा. कधी वाइल्ड टाइप आणि म्युटेशन दोन्ही रेघा एकत्र दिसतात. अंगात दोन्ही प्रकारचे जंतू मिसळलेले आहेत, असा त्याचा अर्थ. हे ‘सेन्सिटिव्हही आहे’ म्हणून सोडून द्यायचं नसतं, रेझिस्टंटच धरायचं.

याने फरक काय पडतो? बीपाल-एम हा २६ आठवड्यांचा कोर्स केंद्र सरकारने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मंजूर केला. त्यात बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लोक्सासिन अशी चार औषधं. फ्लोरोक्विनोलोनला रेझिस्टन्स निघाला तर मॉक्सिफ्लोक्सासिन ठेवून उपयोग नसतो. अशा टीबीला २०२१ पासून प्री-एक्सडीआर म्हणतात. त्यातच बेडाक्विलिन किंवा लिनेझोलिड यांपैकी एकालाही रेझिस्टन्स असेल तर एक्सडीआर. मामांना कोणता कोर्स बसतो हे त्यांचा ईसीजी, रक्त, इतर आजार पाहून केंद्रातले डॉक्टर ठरवतील. लॅबमधून मी ते सांगणार नाही, आणि तुम्हीही इंटरनेटवर वाचून ठरवू नका.

बेडाक्विलिनचं आमच्यासाठी खरोखर अवघड आहे. रिफाम्पिसिनच्या चुका ८१ अक्षरांत दाटीने बसलेल्या, म्हणून पट्टी बनवता आली. बेडाक्विलिनच्या चुका आरव्ही ०६७८ नावाच्या जनुकात कुठेही पसरलेल्या असतात. त्यांतल्या कित्येक निरुपद्रवी, काही क्लोफाझिमिन या दुसऱ्या औषधालाही सोबत घेऊन जाणाऱ्या. त्यामुळे इथे जंतू वाढवून बघण्यालाच जास्त वजन. तेही नीट करावं लागतं. हे औषध पॉलिस्टायरीनच्या प्लास्टिकला चिकटून बसतं. नळी चुकीची वापरली की औषध भिंतीला राहतं, जंतूला कमी मिळतं, तो वाढतो आणि सेन्सिटिव्ह जंतू रेझिस्टंट ठरतो. आम्ही त्यासाठी पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्या वेगळ्या ठेवतो. पायराझिनामाइडचीही अशीच खोड: माध्यम आम्लधर्मी, ५.९ पीएचचं लागतं, आणि जंतू जरा जास्त पडले की ते माध्यमाची आम्लता घालवतात आणि खोटा रेझिस्टन्स येतो. पायराझिनामाइड एकट्यालाच रेझिस्टंट असा रिपोर्ट दिसला की मी तरी पुन्हा करायला लावते. इथॅम्ब्युटॉलच्या रिपोर्टवर मी फार विसंबत नाही. एकाच जंतूची दोनदा तपासणी केली तर दोन उत्तरं येऊ शकतात.

म्हणून खासगीत सेन्सिटिव्हिटी करायची असेल तर ‘किती औषधांची करता’ असं विचारू नका. पॅकेजमध्ये तेरा औषधं असली म्हणजे तेराही भरवशाची असं नसतं. टीबी कार्यक्रमात लॅबला प्रत्येक औषधासाठी वेगळं प्रमाणपत्र मिळतं. ‘कोणकोणत्या औषधांसाठी तुम्ही प्रमाणित आहात’ हा खरा प्रश्न. नवी टार्गेटेड सिक्वेन्सिंग पद्धत एकाच वेळी बऱ्याच औषधांची जनुकं वाचते. तिलाही २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींत जागा मिळाली. पण तीही शेवटी बदलांच्या यादीशी ताडूनच बोलते. ती यादी २०२१ मध्ये आली आणि २०२३ मध्ये सुधारली. रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित’ असं लिहिलेला बदल दिसला तर घाबरू नका. यादीत त्याच्याबद्दल अजून पुरेसा पुरावा नाही, इतकंच.

तुम्ही शेवटी एक ओळ सहज लिहिली आहे: ‘दोन महिन्यांनी पुन्हा सीबीनॅट करून घेऊ का, म्हणजे औषध लागू पडतंय का कळेल?’ नको. मेलेल्या जंतूंचा डीएनए बेडक्यात बराच काळ येत राहतो, आणि सीबीनॅटला मेलेला आणि जिवंत असा फरक कळत नाही. उपचार उत्तम चालू असतानाही ती ‘डिटेक्टेड’ म्हणेल आणि घरात उगाच रडारड होईल. प्रगती पाहायला दर महिन्याची स्मिअर (बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) आणि कल्चर. कल्चर निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं, त्याला इलाज नाही. मध्येच जंतू पुन्हा वाढले तर त्या नव्या जंतूची सेन्सिटिव्हिटी मागायची, जुन्या कागदावर राहायचं नाही.

बेडक्याबद्दल लिहायलाच हवं, कारण चांगल्या लॅबच्या अर्ध्या अडचणी डबीतच सुरू होतात. सकाळी चूळ भरून, खोल श्वास घेऊन, पोटातून खोकून आलेला दाट बेडका हवा, निदान दोन मिलिलिटर. लाळ नको. लाळेत जंतू नसले की एलपीएची पट्टी कोरीच राहते आणि रिपोर्ट येतो ‘इन्व्हॅलिड’. मग पुन्हा नमुना, पुन्हा दोन आठवडे. कल्चरआधी बेडक्यातले तोंडातले इतर जंतू मारायला तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात पंधरा-वीस मिनिटं ठेवतात. नमुना उन्हात, बिना बर्फाचा दोन-तीन दिवस पडून राहिला असेल तर इतर जंतू इतके माजलेले असतात की तेवढ्याने मरत नाहीत. मग नळी गढूळ होते आणि ‘कंटॅमिनेटेड’ असा शेरा पडतो. टीबी नाही असा त्याचा अर्थ नसतो, आणि आहे असाही नसतो.

खासगी लॅबला आजच फोन करून सांगा की मामांच्या कल्चरमधला वाढलेला जंतू फेकू नका, जपून ठेवा आणि सरकारी लॅबने मागितला तर द्या. सिक्वेन्सिंग लागलं तर तोच सगळ्यांत सोयीचा, पुन्हा महिनाभर वाढवत बसावं लागत नाही. बहुतेक लॅब काही महिने ठेवतात, पण सांगितलेलं बरं.

आणि मामेभावालाही दोन आठवड्यांपासून खोकला आहे असं तुम्ही म्हणता. मामांचा रिपोर्ट दाखवून त्याला कोणाकडूनही औषध सुरू करून घेऊ नका, साधं चार गोळ्यांचंही नाही. त्याचा स्वतःचा बेडका याच आठवड्यात द्या, औषधाचा पहिला डोस पोटात जायच्या आधी, आणि फॉर्मवर ‘घरात एमडीआर रुग्ण’ हे ठळक लिहायला सांगा. त्याच्या नमुन्यावर रिफाम्पिसिन सेन्सिटिव्ह आलं तरी तिथे थांबू नका. एलपीए मागा आणि आठवी रेघ आहे का ते बघा.